सुधारित चुलवाण तयार झालं, आता नोकरी सोडावी का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरी करता, गाव कागल तालुक्यात. मामांच्या गुऱ्हाळावरच्या चुलवाणात, म्हणजे रस आटवायच्या भट्टीत, तुम्ही स्वतः आखलेली बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी आणि धुराड्याच्या उष्णतेवर हवा तापवणारी नळ्यांची पेटी बसवलीत. चिपाड, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, जळणाला कमी लागतंय असं सगळे म्हणतात. आता पेटंट घ्यावं का, नोकरी सोडून कंपनी काढावी का, गुंतवणूकदार कुठे भेटतील, आणि स्वच्छ ऊर्जेत संशोधक-उद्योजक म्हणून कोल्हापुरात राहून करिअर होतं का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी गेली वीसेक वर्षं बॉयलर, भट्ट्या आणि जळणाच्या कामात आहे. गोकुळ शिरगावात आमचं छोटं वर्कशॉप आहे. इचलकरंजीची प्रोसेस हाऊस (कापड धुणारे-रंगवणारे कारखाने), सायझिंग (सुताला खळ देणारे) आणि आसपासचे कारखाने यांना वाया जाणारी उष्णता परत वापरायची उपकरणं आम्ही बनवून देतो. त्यामुळे मी सांगेन ते जळणाच्या बाजूचं असेल. सोलर किंवा बॅटरीच्या धंद्याची गणितं वेगळी, तिथे माझा शब्द जसाच्या तसा लावू नका.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: होतं. पण पेटंट की नोकरी, या पेचात तुम्ही अडकलाय तो मुळात दुसऱ्या नंबरचा पेच आहे. पहिला प्रश्न असा, की तुमच्या शोधामुळे नेमका कोणाचा खर्च कमी होतो, आणि त्या माणसाला तो खर्च आज टोचतो का? या धंद्यात मी ज्यांना टिकलेलं पाहिलं त्यांनी हे उत्तर आधी शोधलं, यंत्र नंतर सुधारत नेलं.

गुऱ्हाळाचंच गणित मांडू. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, १,००० किलो रस आला असं धरा. त्यात साधारण २० टक्के साखर आणि इतर घनपदार्थ असतात, म्हणजे गूळ होईपर्यंत पावणेआठशे किलोच्या आसपास पाणी उडवायचं. एक किलो पाणी उडवायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात. रस उकळीपर्यंत नेण्याची उष्णता धरली तर एकूण दोन हजार मेगाज्यूलच्या आसपास जातात. उन्हात वाळलेलं चिपाड किलोला साधारण १५ मेगाज्यूल देतं. सगळी उष्णता रसात गेली असती तर १४० किलो चिपाडात काम झालं असतं. तेवढा रस निघायला सोळाशे-सतराशे किलो ऊस लागतो, आणि त्याचं चिपाड वाळल्यावर साडेतीनशे ते चारशे किलो भरतं. म्हणजे चुलवाणाची कार्यक्षमता ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असली तर गुऱ्हाळ स्वतःच्याच चिपाडावर चालतं. त्याच्या खाली असली तर बाहेरून जळण आणावं लागतं, वर असली तर चिपाड उरतं.

आता नीट बघा. मामांचं गुऱ्हाळ बाहेरून लाकूड किंवा इतर जळण विकत घेत होतं का? घेत असेल, तर तुमच्या जाळीमुळे रोख पैसे वाचले. घेत नसेल, तर तुमच्या शोधामुळे अंगणात चिपाडाचा ढीग वाढला, एवढंच. त्या ढिगाला जवळपास गिऱ्हाईक असेल तर त्याचं मोल. सुटं चिपाड जागा फार खातं, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही, त्यामुळे लांब न्यायचं म्हटलं की भाड्यातच पैसे जातात. "चिपाड वाचतं" हे वाक्य इंजिनिअरला पुरेसं वाटतं. गुऱ्हाळमालकाला त्यापुढचं ऐकायचं असतं, आणि त्याचं बरोबर आहे.

तुमच्या वर्णनातली एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे: गरम हवेमुळे थोडं ओलसर चिपाडही पेट घेतं. माझ्या मते तुमचा खरा शोध हाच आहे. घाण्यातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. ते पसरायचं, उलटायचं, गोळा करायचं आणि झाकून ठेवायचं. याला माणसं लागतात, अंगण लागतं आणि कोरडं ऊन लागतं. गुऱ्हाळावर माणूस मिळणं दर वर्षी अवघड होत चाललंय. दिवाळीच्या सुमारास अवकाळी आला की वाळत घातलेलं चिपाड भिजतं आणि गुऱ्हाळ बंद ठेवावं लागतं, ऊस मात्र तोडून पडलेला असतो. साखर कारखान्यांचे बॉयलर ५० टक्के ओलं चिपाड थेट जाळतात, कारण त्यांची भट्टी उंच असते आणि हवा तापवून आत सोडलेली असते. तुमची नळ्यांची पेटी तेच तत्त्व लहान प्रमाणात आणते. २५-३० टक्के ओलाव्याचं चिपाड तुमच्या चुलवाणात नीट जळलं, तर तुम्ही मालकाला दोन-तीन मजुरांचं काम आणि पावसाने वाया जाणारे दिवस परत देताय. हे तो लगेच समजतो, त्यासाठी मेगाज्यूल सांगावे लागत नाहीत.

गुऱ्हाळात आणखी एक माणूस तुमच्या शोधाचा निकाल लावतो, तो म्हणजे गुळव्या, गूळ शिजवणारा कारागीर. शेवटच्या टप्प्यावर तो काय करतो ते जवळ उभं राहून बघा. काहिलीतला पाक थोडासा थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, ती काठावर आपटून आवाज ऐकतो. पाक ११८-१२० अंशांच्या आसपास आलेला असतो आणि त्या क्षणी जाळ पडला पाहिजे. मिनिटभर जरी जास्त झालं तरी गूळ काळपट पडतो, आणि शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात रंगावर भाव ठरतो. आता तुमच्या चुलवाणात तुम्ही जाड रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या) विटा लावल्या असतील तर त्या उष्णता धरून ठेवतात. इंधनाच्या हिशेबाने ते चांगलं, गुळव्याच्या हिशेबाने धोक्याचं, कारण जाळ काढला तरी काहील तापतच राहते. गरम हवेचा झडप-दांडा असा हवा की गुळव्याने हाक मारली की जाळ घालणाऱ्याने एका झटक्यात हवा तोडावी. वीस टक्के चिपाड वाचलं आणि दहातली दोन आदणं, म्हणजे काहिलीभर गुळाचे घाणे, काळी पडली, तर पुढच्या हंगामात तुमची पेटी भंगारात दिसेल. म्हणून मी नेहमी सांगते, नकाशा मालकाला दाखवण्याआधी गुळव्याला दाखवा.

आता करिअरकडे येते. या क्षेत्रातल्या एका माणसाचं आयुष्य तुम्ही मुद्दाम वाचावं असं मला वाटतं, कारण आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये तो शोभला असता. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी १९२२ साली जन्म. कॉलेजचं शिक्षण नाही, मशीन शॉपमध्ये हात काळे करत शिकले. पहिला मोठा शोध वेगाने काम करणाऱ्या स्वयंचलित लेथचा, आणि त्याला नाव वडिलांचं दिलं. पुढे पत्नी आयरिस यांच्यासोबत १९६० साली डेट्रॉइटमध्ये प्रयोगशाळा काढली, तीच नंतर एनर्जी कन्व्हर्जन डिव्हायसेस ही कंपनी झाली. काच जशी स्फटिकासारखी रचलेली नसते, तशा विस्कळीत रचनेच्या पदार्थांतूनही वीज हवी तशी वळवता येते, हे त्यांनी १९६८ साली नामांकित भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं. त्यांच्या कामातून निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी व्यवहारात आली, आणि प्रियससारख्या हायब्रिड गाड्या वर्षानुवर्षं त्या प्रकारच्या बॅटरीवर धावल्या. स्टेनलेस स्टीलच्या लांबलचक पातळ पट्टीवर सोलरचा थर चढवत नेणारी यंत्रंही त्यांच्याकडे बनली.

आणि कंपनीचं काय झालं? फेब्रुवारी २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ओव्हशिन्स्की २००७ मध्येच तिथून बाहेर पडले होते, आणि त्याच २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. शोधात खोट नव्हती. साध्या सिलिकॉन पॅनेलच्या किमती इतक्या घसरल्या की त्यांच्या लवचिक पॅनेलचं गणितच बसेना. मुळातही ही कंपनी अनेक दशकं बरीचशी परवान्यांच्या रकमेवर आणि भागीदार कंपन्यांच्या पैशावर चालली, माल विकून नफा काढणं तिला क्वचितच जमलं. मला त्या माणसाबद्दल अतिशय आदर आहे. तरी नव्या मुलांना मी त्यांची गोष्ट सांगते ती एवढ्यासाठी, की शोध लावणं आणि त्या शोधावर कंपनी उभी ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात तुमची स्पर्धा दुसऱ्या संशोधकाशी नसते. ती असते रोज स्वस्त होत जाणाऱ्या साध्या पर्यायाशी. तुमच्या बाबतीत साधा पर्याय म्हणजे फुकटचं चिपाड आणि ऊन.

याच्या अगदी उलट टोकाला हरीश हांडे. त्यांनी १९९५ साली बेंगळुरूला सेल्को सुरू केली आणि २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सोलर पॅनेल त्यांनी शोधलं नाही. गावातल्या माणसाला दिवा परवडायचा तर हप्ता त्याच्या कमाईच्या लयीत बसला पाहिजे आणि दिवा बंद पडला तर दुरुस्त करणारा जवळ असला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. ग्रामीण बँकांना कर्ज द्यायला तयार केलं, सेवा केंद्रं उभी केली. मी याला शोधच म्हणते. भाजीवाल्याला महिन्याचे तीनशे जड जातात, पण रोजचे दहा जात नाहीत, अशा निरीक्षणावर धंदा उभा राहतो. गुऱ्हाळाचंही तसंच आहे. मालकाच्या हातात पैसा हंगामात येतो. पावसाळ्यात पूर्ण रक्कम मागितलीत तर चांगलं यंत्रही विकलं जाणार नाही.

तुलसी तांती यांची वाट आणखी वेगळी. त्यांचा गुजरातेत कापडाचा धंदा होता, विजेचा खर्च डोईजड होत होता म्हणून स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या, आणि त्या अनुभवातून १९९५ साली सुझलॉन उभी राहिली. म्हणजे आधी ते गिऱ्हाईक होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने स्वतः जळणाचं किंवा विजेचं बिल भरलंय, त्याला गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा माहीत असतो. तुम्ही फौंड्रीत आहात, तुमच्याजवळही तो आकडा आहे, त्यावर पुढे येते.

आणि आपल्या शेजारी फलटणला डॉ. अनिल राजवंशी. अमेरिकेत शिकून १९८१ साली परत आले आणि निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाचा पाला आणि चिपाड यांच्यावर चालणारं गॅसिफायर, म्हणजे जळणाचा जळाऊ वायू करणारं यंत्र, विकसित केलं, तेही कारखान्याच्या भट्टीला उष्णता देण्याच्या आकाराचं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाचटापासून, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यापासून, कोळसा करण्याची पद्धत बसवली, तिला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. ही माणसं कंपनीवाली नाहीत, पण ऊर्जेतलं करिअर असंही असतं. तुमच्यासाठी त्यांचं काम वाचणं आणखी एका कारणाने गरजेचं आहे. तुम्ही ज्याला नवीन समजताय त्यातलं बरंच आधी झालेलं असू शकतं.

इथे पेटंट येतं. जाळी आणि गरम हवा या दोन्ही कल्पना जुन्या आहेत. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेने दोन-तीन काहिलींची सुधारित भट्टी पूर्वीच बसवली आहे. आपल्या कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथे एक दिवस काढा आणि आधी काय काय झालंय ते विचारा. तुमच्याकडे पेटंट घेण्यासारखं काही असेल तर ते बहुधा तपशिलात असेल. ओल्या चिपाडासाठी नळ्यांची रचना, किंवा जाळ झटक्यात पाडणारी झडप, असं काहीतरी.

मात्र एक गोष्ट लगेच करायची आहे, आणि ती वेळेशी बांधलेली आहे. अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर आला तर नावीन्य गेलं असं धरलं जातं. तुमचं चुलवाण उघड्या गुऱ्हाळावर चालू आहे, गावाने पाहिलंय. पेटंट कायद्यात उघड्यावर घेतलेल्या वाजवी चाचणीला सूट आहे, पण ती अर्जाच्या आधीच्या एका वर्षापुरती आणि शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी उघड्यावर घ्यावी लागते, तरच. तेव्हा पहिल्यांदा जाळ कधी लागला ती तारीख शोधा आणि पेटंट एजंटला आधी तीच सांगा. प्राथमिक तपशिलावर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करता येतो. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये आहे, एजंटचा खर्च वेगळा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. पेटंटची मुदत २० वर्षं. तोवर व्हिडिओ टाकू नका, कितीही मोह झाला तरी. आणि नोकरीत रुजू होतानाचं नेमणूकपत्र काढून वाचा. काही कंपन्या कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधावर हक्क सांगणारं कलम घालतात. तसं कलम असेल तर मालकाशी बोलून लेखी घ्या. नंतर वाद होण्यापेक्षा आता दहा मिनिटांचं अवघडलेपण परवडलं.

पेटंट मिळालं म्हणून धंदा सुरक्षित झाला, असं मात्र समजू नका. आपल्याकडे कुठलीही बिडाची जाळी एकदा बाहेर गेली की पंधरा दिवसांत तिचं पॅटर्न (ओतकामाचा नमुना) दुसरीकडे तयार होतं. कोर्टात जायला वेळ आणि पैसा लागतो. आमच्या धंद्यात नक्कल करणाऱ्यापासून खरं रक्षण करते ती सेवा. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, पाचट मिसळलं तर पोटॅशही वाढतं. अशी राख तापून चिकट होते आणि जाळीवर खंगर धरते. कोणत्या महिन्यात जाळी उलटायची, कोणत्या ठिकाणी बीड फुगतं, कुठे क्रोमचं प्रमाण वाढवायचं, हे नक्कल करणाऱ्याला माहीत नसतं. ते ज्ञान तीन-चार हंगाम यंत्राशेजारी उभं राहिल्यावर येतं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता सोडू नका. गुऱ्हाळाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. एका वर्षात तुम्हाला शिकायची एकच संधी मिळते. नोकरी सोडून बसलात तर जून ते ऑक्टोबर घरखर्चाच्या धास्तीने तुम्ही अर्धवट यंत्र विकायला काढाल. नोकरी असताना मात्र हंगामात रजा घेऊन मोजमाप करता येतं, आणि पावसाळ्यात शांतपणे बदल करता येतात. घरची जबाबदारी कमी असेल, कोणीतरी दोन वर्षं घर चालवणार असेल, तर माझं उत्तर वेगळं असू शकतं. ते तुमच्या घरात बसून ठरवायचं आहे, मी इथून ठरवू शकत नाही.

शिवाय तुमची नोकरी हीच तुमची दुसरी बाजारपेठ आहे. कच्चं लोखंड वितळवून १,५०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांताने टनाला सुमारे ४०० युनिटच्या आत वीज पुरते. इंडक्शन फर्नेसवर प्रत्यक्षात साधारण ५५० ते ७०० युनिट लागतात. मधला फरक कुठे जातो? उघड्या झाकणातून, लॅडल (धातू ओतायचं भांडं) तापवण्यात, रिकाम्या वेळी धातू गरम धरून ठेवण्यात, थंड करणाऱ्या पाण्यात. फौंड्रीमालक दर महिन्याला वीजबिल भरतो आणि ते त्याला टोचतं. इचलकरंजीचं प्रोसेस हाऊस कोळसा किंवा ब्रिकेट (भुसा-चोथा दाबून केलेलं जळण) रोज जाळतं, बारा महिने. तुमची हवा तापवणारी पेटी ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व तिथल्या बॉयलरच्या धुराला लागू पडतं, आणि तिथे वाचलेला प्रत्येक किलो म्हणजे न भरलेलं बिल. मी तुमच्या जागी असते तर गुऱ्हाळ शिकण्यासाठी ठेवलं असतं आणि पोटापाण्यासाठी बॉयलर धरला असता. गुऱ्हाळ सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. पन्हाळा-करवीरातली गुऱ्हाळं टिकावीत असं मनापासून वाटतं, आणि ओल्या चिपाडाचं चुलवाण ती टिकवायला हातभार लावेल. पण फक्त हंगामी गिऱ्हाइकावर नवी कंपनी जगवणं फार कठीण आहे.

मधल्या काळात एक परीक्षा देऊन ठेवा. ऊर्जा दक्षता ब्यूरोची एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा. हा ब्यूरो ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली स्थापन झालाय. परीक्षेचा अभ्यास केला की बॉयलर, फर्नेस, कॉम्प्रेसर, पंप यांचं मोजमाप शिस्तीने शिकता. ऑडिटच्या निमित्ताने लोक स्वतःहून कारखान्याची दारं उघडतात आणि बिलं पुढ्यात ठेवतात. यंत्र विकायला गेलेल्या माणसाला कोणी बिलं दाखवत नाही. ऑडिटची फी लहान असली तरी ती पहिली कमाई असते, आणि कुठल्या दारात तुमच्या शोधाची गरज आहे हे तिथेच कळतं.

गुंतवणूकदारांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २००६ ते २०११ या काळात व्हेंचर भांडवलदारांनी स्वच्छ ऊर्जेच्या नव्या कंपन्यांत २५ अब्ज डॉलरहून जास्त पैसे घातले, आणि एमआयटीच्या २०१६ च्या अभ्यासानुसार त्यातले निम्म्याहून अधिक बुडाले. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर रात्रीत दुरुस्त होते. भट्टीत झालेली चूक पुढच्या हंगामात दुरुस्त होते. अशा कामाला लागणारा धीर त्या प्रकारच्या पैशाला नसतो. तुमच्या आकाराच्या उपकरणाला त्याची गरजही नाही. पॅटर्नमेकर, फौंड्री, मशीन शॉप, फॅब्रिकेटर हे सगळे तुम्हाला दुचाकीच्या अंतरावर आहेत. पुण्या-मुंबईत ज्या नमुन्याला महिने जातात तो इथे आठवड्यांत हातात येतो. कोल्हापुरात राहून हे करिअर होतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: यंत्र बनवून, मोडून, पुन्हा बनवण्यासाठी याहून चांगलं गाव मला माहीत नाही.

पैसा अडकतो तो वसुलीत. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्यक्षात लहान पुरवठादार चांगल्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कचरतो, म्हणून निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर घ्या आणि उरलेलीतला मोठा वाटा माल निघताना. कोणी म्हणेल, "यंत्र फुकट बसवा, बचतीतला हिस्सा देतो." ऐकायला छान वाटतं. आमचा अशा एका करारात वाद झाला, कारण यंत्र बसल्यावर त्यांनी कापडाचा प्रकार बदलला, वाफ जास्त लागायला लागली आणि "बचत कुठे आहे?" हा प्रश्न आला. बचत मोजायची असेल तर आधीची पातळी दोघांच्या सह्यांनी लिहिलेली हवी, आणि ती उत्पादनाच्या किलोमागे किंवा मीटरमागे हवी, महिन्याच्या एकूण बिलावर नको.

शेवटी तुमच्या पत्रात जे नाही, त्याबद्दल. "चिपाड कमी लागतंय" असं लिहिलंय, पण किती ते नाही. हा हंगाम फक्त त्यासाठी द्या. शेजारचं साधं चुलवाण आणि तुमचं, दोन्हींवर एकाच आठवड्यात, एकाच शेतातला ऊस. प्रत्येक आदणाला रसाचं वजन, रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी), जाळलेल्या चिपाडाचं वजन, पहिल्या जाळापासून काहील उतरेपर्यंतचा वेळ, निघालेल्या गुळाचं वजन आणि सौद्यात मिळालेला भाव. धुराड्यात के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, पेटीच्या आधी एक आणि नंतर एक. कुठून तरी धुरातले वायू मोजणारा फ्लू गॅस अ‍ॅनालायझर चार दिवस भाड्याने मिळवा आणि ऑक्सिजन बघा. साध्या चुलवाणात बहुतेक वेळा गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत शिरते, आणि कदाचित तुमची निम्मी बचत चुलवाणाच्या तोंडावरच्या नुसत्या झाकणाने झालेली असेल. ते कळलं तर यंत्र आणखी स्वस्त होईल. चिपाडाचा ओलावाही दर वेळी काढा: शंभर ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत. पंधरा, पंचवीस आणि पस्तीस टक्के ओलाव्यावर आकडे वेगवेगळे लिहा, आणि गुळव्याला काय वाटलं तेही त्याच वहीत, त्याच्याच शब्दांत. मार्चअखेर ती वही घेऊन गोकुळ शिरगावात या. आपण एका बॉयलरवर तुमची पेटी लावून बघू.